मोजलं की घटतं

देवगडाहून पहाटेची एसटी धरून
सुगंधा कोयंडे ओरोसला आली तेव्हा
हातांना अजून आदल्या संध्याकाळच्या लिलावाचा वास होता.
लेक वरच्या मजल्यावर, शुद्धीवर येत असलेली.
हेमांगी, वय एकोणीस, मानेपाशी गाठ,
सोमवारपासून औषधं.
ती गाठीला मारतात
आणि आजूबाजूला कोण राहतं ते विचारत नाहीत.

म्हणून आधी ही तजवीज:
एका अंडाशयाची वरची साल,
नखाएवढ्या सहा पट्ट्या
गुलाबी द्रावणात, माझ्या टेबलावर.

"कापतलंस?"
नाही, म्हटलं. उजेड सोडणार.
डोळ्याला न दिसणारा. थोडा आत शिरतो, थोडा परततो,
किती खोलवरून परतला
त्यावरून यंत्र आतलं चित्र काढतं.

ती हसली. त्या दिवसात एकदाच.
"मगे आमी काय येगळा करतंव?
सुरमयेच्या पोटावरसून आंगठो फिरवलो काय कळता
गाबोळी आसा काय नाय.
सुरी लावूची लागणा नाय."

आठ वर्षं मी सुरीवालीच होते.
पट्टीचा कोपरा कापायचा, मेणात बसवायचा,
त्याचे केसाहून पातळ काप, जांभळा रंग,
आणि मग भिंगाखाली: एक, दोन, पाच.
मोजलेली सगळी मेलेली असायची.
अहवालात त्यांचा आकडा जायचा,
टाकीत जायचं ते न मोजलेलं,
ज्याच्याविषयी आपला नुसता अंदाज.

आमच्या वेंगुर्ल्यात
कोंबडीखालची अंडी बोट दाखवून मोजली
की हातावर चापट बसायची. मोजलं की घटतं.
मी हसायचे. मग या खोलीत आले
आणि आठ वर्षं तेच केलं, पगार घेऊन.

पहिली पट्टी: राखाडी धुकं, तंतू, बाकी काही नाही.
दुसरीतही नाही.
तिसरीत दोन, कडेला, एकमेकींपासून लांब.
मी खुर्ची पुढे ओढली.
चौथीच्या एका कोपऱ्यात
अकरा.
काळे गोल ठिपके, दाटीवाटीने,
जसं शेजारच्याचं जाळं रिकामं यावं
आणि वावभर पलीकडे तारली लागावी.
पुन्हा मोजलं. पुन्हा अकराच.
पट्टी उचलली, तिला काही झालं नव्हतं.
पाचवी-सहावी कशी पाहिली ते नीट आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी हेमांगी चाकाच्या खुर्चीतून आली,
पडद्याकडे मान तिरकी करून बघत राहिली.
"ह्यां आमच्या मिठमुंबरीच्या वेळेर
कुर्ल्यांची बिळां."
मग, थोड्या वेळानं,
"सगळ्या बिळांत कुर्ली आसता?"

नाही सांगता येत, म्हटलं.
बीळ आहे, गोल आहे, काठ ढासळलेला नाही,
उजेड एवढंच बोलतो.
आत कुणी जागं आहे का
ते वितळवून, परत शिवून,
महिनोन्महिने वाट बघून कळतं. कधी कळतही नाही.

"बरां," ती म्हणाली.
"माका पोरां व्हयी काय नको
ह्यां माझा माकाच ठावक नाय.
आवशीक वाटता ठरलांच.
माका नुसती इचार करूक सवड व्हयी."
आणि नर्सला म्हणाली, चल, उलटी येतेय.

चौथी पट्टी वेगळ्या कुपीत आहे.
परत लावायची वेळ आली तर आधी हीच,
असं वहीत लिहिलंय, तारखेसह, दोन सह्यांनी.

सुगंधाबाई टाकी बघायला आली.
झाकण उघडलं तशी वाफ जमिनीवरून पायांत आली,
ती मागे सरली नाही.
"आकडो सांगू नको," म्हणाली.
नाही सांगितला.
झाकण लावल्यावर तिनं त्यावरून आंगठा फिरवला,
सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत.
"थंड आसा गो," एवढंच,
आणि पेजेचा डबा उचलून
जिन्याकडे गेली.